तेव्हा तशी चाचणी नव्हती

बाबा,

घरात तुला मी तूच म्हणायचे. पण कागद पुढ्यात आला की मराठी, आणि मराठीत बाप म्हणजे 'तुम्ही', हे तूच बजावलं होतंस. बोलायला कोकणी, लिहायला मराठी. गोवाभर त्यावरून भांडणं जुंपली होती तेव्हाही आपल्या चोपड्याच्या घरात दोन्ही भाषा गुण्यागोविंदाने नांदत होत्या. आज तुझा नियम मोडते. हे 'तुम्ही' म्हणून लिहिता येणार नाही.

माझं काम तुला शेवटपर्यंत नीटसं कळलं नाही. छोट्या कंपन्या बघायच्या आणि लोकांनी त्यात पैसे घालावेत की नाही ते सांगायचं. "म्हणजे ज्योतिश्याचो धंदो," तू म्हणायचास. "पूण ज्योतिषी चुकल्यार कोण विचारिना, तुका मात विचारतले." तर गेल्या महिन्यात अशीच एक कंपनी समोर आली. तीन खोल्या, भाड्याचं यंत्र आणि दोन शास्त्रज्ञ मैत्रिणी. माणसाच्या थुंकीतून त्याची जनुकं वाचायची आणि कुठलं औषध त्याला मानवेल, कुठलं घात करील, ते आधीच सांगायचं. पहिल्याच पानावर त्यांनी उदाहरण दिलं होतं मलेरियाच्या गोळ्यांचं. मी कागद मिटला. हे काम दुसऱ्या कुणाकडे सोपवायला हवं होतं. नाही सोपवलं.

तू मलेरियाचा मास्तर. पिशवीत सुया आणि काचपट्ट्या घेऊन पार मांद्र्यापर्यंत घरोघर फिरायचास, ताप आलेल्यांच्या बोटातून रक्त घ्यायचास. गोवा राज्य झालं त्या वर्षी बांधकामांवर बेळगाव-कोल्हापूरकडचे कामगार खूप आले होते आणि तापही खूप होता. लोक दोन गोळ्या घेत, बरं वाटलं की उरलेल्या फेकून देत. त्याची तुला भयंकर चीड. "अर्द्या वखदान रोग शाणो जाता," अर्धवट औषधाने रोगच शहाणा होतो, हे तर तुझं ठरलेलं वाक्य. मग ताप आपल्याच घरात शिरला. दादा एकवीस वर्षांचा, फेरीबोटीवर खलाशी. रोग मुळासकट जावा म्हणून द्यायच्या पाच दिवसांच्या गोळ्या तू त्याला स्वतःच्या हाताने देतोस. आई पेज वाढते आहे, तू पाण्याचा पेला घेऊन त्याच्यासमोर उभा, मी स्वयंपाकघराच्या दारात. तिसऱ्या दिवशी तो हळूच म्हणतो, "बाबा, मूत काळें जाता. काळ्या चायेवरी."

"उदक कमी पियेता तूं. गुळी घे."

तो घेतो. चौथ्या दिवशी त्याचे डोळे पिवळे दिसतात. "आयज नाका," म्हणतो. तू ओरडतोस, एवढ्या मोठ्या मुलावर, शाळेतल्या पोरावर ओरडावं तसा. तो गोळी घेतो आणि रिकामा पेला तुझ्या हातात देतो. पाचव्या दिवशी त्याच्याच बोटीतून त्याला नदीपलीकडे नेला आणि तिथून म्हापशाच्या इस्पितळात. दोन दिवसांनी तो गेला.

तू नोकरी सोडली नाहीस. फक्त एक नवीन खोड लागली. गोळ्या दिल्या की दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच झोपडीत जायचं आणि विचारायचं, "मुताचो रंग कसो?" कामगार खदाखदा हसायचे. मुताचा मास्तर, असं नाव पडलं तुला. एकदा एकाच्या गोळ्या तू मध्येच थांबवल्यास, तेव्हा साहेबांनी सगळ्यांदेखत झापलं. तू खाली मान घालून ऐकून घेतलंस, आणि तो माणूस जगला. हे तू कुणाला सांगितलं नाहीस. मला त्याच्या बायकोने सांगितलं.

पुढे कितीतरी वर्षांनी एका डॉक्टरांनी उलगडा केला. काही पुरुषांच्या रक्ताला ती गोळी सोसतच नाही, जन्मतःच तसं असतं आणि ते आईकडून येतं. तू हात जोडलेस. "आवयकडल्यान येता, हें घरांत सांगूं नाकात." आईला ते कधीच कळलं नाही. तिच्यासाठी आणि गावासाठी तू एकच उत्तर ठेवलंस, सगळं स्वतःवर घेणारं, "हांवेंच गुळी दिली." मला ते ऐकवेना. एके दिवशी मी म्हटलं, "बाबा, तेन्ना तसली टेस्टच नासली. कोणाकच कळपाचें नासलें." ते 'नव्हतीच' तू घट्ट धरलंस. येईल त्याला लेकीच्या शिक्षणाचा हवाला द्यायचास, "म्हजें चेडूं शिकिल्लें, तें सांगता." तुला झोप लागायला लागली. तू गेलास तोही त्याच भरवशावर.

कुठल्याही कंपनीला मी एक प्रश्न हमखास विचारते: तुम्ही नसलात तर लोकांचं काय अडेल? त्या दोघींपैकी धाकटी प्रामाणिक निघाली. "मलेरियाच्या गोळीपुरतं म्हणाल तर काहीच नाही. त्याला रक्ताच्या एका थेंबाची साधी चाचणी पुरते. ती जुनीच आहे."

"किती जुनी?"

"फार. तुमच्याही जन्माआधीची असेल."

मी ते वहीत टिपून घेतलं. घरी येऊन खात्री करून घेतली. मग अहवाल लिहिला: पहिल्या पानावरचं काम स्वस्तातली चाचणी करते, बाकीच्या कामांना अजून बरीच वर्षं लागतील आणि तेवढा दम या कंपनीत नाही. पैसे घालू नयेत. अहवाल बरोबर आहे, बाबा. एक अक्षरही बदलावं लागणार नाही.

चाचणी होती. आपल्या गावापर्यंत पोचली नव्हती, तुझ्या पिशवीत नव्हती, यात तुझा काय दोष? पण मी 'नव्हतीच' म्हणाले होते. परक्या कंपनीबद्दल चौकशी केल्याशिवाय एक ओळ न लिहिणारी मी, तुला मात्र ते वाक्य बिनदिक्कत ठोकून दिलं होतं. तू असतास तर हे तुला सांगावं लागलं असतं, आणि माझ्याने झालं नसतं. आजवर तुझी आठवण आली की तू हवा होतास असं वाटायचं. त्या दिवशी पहिल्यांदाच, तू नाहीस याचं मला बरं वाटलं.