शिळ्या पाण्याची वही

५ नोव्हेंबर १९५६, सोमवार

पाच मेले. चौदातले पाच. माझ्या डोळ्यांदेखत.

मी भाजी आणायला गेले तेवढ्यात सासूबाईंनी काचेची पेटी रिकामी केली. सगळं पाणी मोरीत. काचा राखेनं घासल्या, खडे घासले, नळाचं पाणी काठोकाठ भरलं आणि परातीत काढून ठेवलेले मासे परत सोडले. मी आले तर मासे वर येऊन तोंडं उघडतायत आणि ह्या कौतुकानं बघतायत. "बघ कसे नाचायलेत! आठ दिसाचं शिळं पाणी कामून ठिवलं होतं गं? मुक्या जिवाला बी ताजं नको का?"

ब्लीचिंग पावडरचा वास मला दारातच आला होता.

मासे ह्यांच्या कारखान्यातल्या साहेबांचे. साहेब चार महिने परदेशी. जाताना "सांभाळाल का?" म्हणाले आणि ह्यांनी "त्यात काय साहेब!" म्हणून पेटी हातगाडीवर घालून घरी आणली. मला विचारलं नाही. संध्याकाळी मेलेले मासे बघून आईला एक अक्षर नाही. मला मात्र, "तुझं लक्ष कुठं होतं?"

भाजीत होतं. तुमच्याच.

६ नोव्हेंबर, मंगळवार

ही वही आज ह्यांनी कारखान्याच्या लॅबमधून आणली. सोबत थर्मामीटर. "रोज पाण्याचं लिहून ठेव. साहेबांना रेकॉर्ड आवडतं." कालचं काल जुन्या कागदावर लिहिलं होतं, ते आधी उतरवून काढलं.

ऑगस्टमध्ये कारखान्यात तपासणी विभागात मॅट्रिक झालेल्या बायका घेणार होते. मी फॉर्म आणला. ह्यांनी तो कपाटावर ठेवला. "घर कोण बघणार?" आता घरही मी बघायचं आणि मासेही मीच.

ठीक आहे. लिहिते. पण वही माझ्या हातात आहे तर पाण्याबरोबर बाकीचंही लिहीन. आणि राग आला की 'हे' लिहिणार नाही, 'हा' लिहीन. इथं कोण बघायला येतंय.

पाणी ७५ अंश फॅरनहाइट. मासे ९.

८ नोव्हेंबर, गुरुवार

पंपावरच्या तात्यांना गाठलं. कुरुळीहून सायकलनं येतात, कॉलनीचं पाणी तेच सोडतात. विचारलं, पावडर रोज घालता का?

"रोज न्हाई वैनी. नदी गढूळ आसली की साहेबलोक म्हंत्यात घाला लई. वास मारतोय व्हय? उघडं ठिवा एक-दोन दिस, जातोय उडून. आमी तर घरला विहिरीचंच पानी पितो."

म्हणजे माणसाला जे शिळं ते ह्या माशांना चांगलं. सासूबाई रोज पहाटे कालचं पिण्याचं पाणी ओतून टाकतात, माझी आईही तेच करायची, मीही तेच करत आले. कोणाला सांगू हे? वेडी म्हणतील.

आजपासून खूण. शि. २ म्हणजे दोन दिवस उघडं ठेवलेलं पाणी. सगळं एकदम बदलायचं नाही. चार दिवसांनी एक बादली काढायची, एक घालायची. काढताना तळाची घाण रबरी नळीनं ओढायची. पहिल्यांदा ओढलं तेव्हा तोंडात आलं. शी.

१२ नोव्हेंबर, सोमवार

पाणी ७४, शि. २. वास नाही. मासे ९.

ह्यानं काल कारखान्यातल्या दोघांना घरी आणून मासे दाखवले. चिमटीचिमटीनं दाणे टाकत होता, मासे वर येतात म्हणून खूश. निम्मे दाणे तळाला. आज पाणी ताकासारखं. मी सांगितलं, दोन मिनिटांत संपेल एवढंच घाला. "उपाशी मारतेस का?" म्हणे. तळ मी साफ केला, अर्धा तास वाकून. टाळ्या तिकडे.

१९ नोव्हेंबर, सोमवार

दोन मेले. तलवारीसारखी शेपटी असलेले, लाल.

पाणी शि. २ होतं. वास नव्हता. बदललं फक्त एक बादली. मग का?

आधी पेटीतल्या गोगलगाई खाली पडल्या होत्या. काल संध्याकाळीच. काचेवरून सुटून खड्यांवर, तोंड मिटून. मी बघितलं आणि दुर्लक्ष केलं.

एनॅमलची बादली कपड्यांना लागली म्हणून ह्या वेळचं पाणी तांब्याच्या हंड्यात ठेवलं होतं. सासूबाईंनी चिंचेनं घासून लखलखीत केलेला हंडा. तांब्यातलं पाणी शुद्ध, हे लहानपणापासून ऐकलेलं. मीच भरलं, मीच ओतलं.

२० नोव्हेंबर, मंगळवार

दोन वाट्या घेतल्या. एकीत हंड्यातलं पाणी, एकीत बादलीतलं. प्रत्येकीत दोन गोगलगाई. दुपारपर्यंत हंड्यातल्या दोन्ही आडव्या. बादलीतल्या वाटीच्या काठावर चढल्यात.

तर हंडाच. म्हणजे मीच.

संध्याकाळी हा आला, मेलेले मोजले आणि थेट आईवर ओरडला. "तुला सांगितलं होतं ना हात लावू नको म्हणून! पुन्हा पाणी बदललंस ना?" सासूबाई रडायला लागल्या. "देवाशप्पथ, म्या बोट बी लावलं न्हाई रे." मी भाकरी थापत होते. तवा तापलेला होता. मी तोंड उघडलं नाही.

इथं तरी लिहिते. मी तोंड उघडलं नाही.

२२ नोव्हेंबर, गुरुवार

सासूबाई आज सकाळी गावी गेल्या, बीडला. खरं तर अजून महिनाभर इथं राहणार होत्या. पिशवी भरताना हंडा मागितला, तो त्यांच्या माहेरचा. मी पुसून दिला. म्हणाल्या, "तुझ्या माशांना सुखी ठेव बाई." टोमणा नव्हता, तेच वाईट.

पाणी ७२, शि. २, एनॅमल. मासे ७.

माझाच राग मला आलाय. पण एकटीचा नाही. आईवर ओरडायचं तर आधी विचारावं की नाही? तो विचारत नाही, मला नाही, आईला नाही. साहेबांना मात्र "हो साहेब" आधी, विचार नंतर.

९ डिसेंबर, रविवार

पिल्लं! गप्पीला. नुसते डोळे, बाकी रेघ. सकाळी वीस तरी होती, नऊ उरली. मोठे गिळतायत. ती लोणच्याच्या चिनी बरणीत हलवली, पेटीतलंच पाणी घालून. लोणचं पातेल्यात.

ह्यांना दाखवलं. हसले. "साहेब खूश होतील." आज बरे वाटले, म्हणून 'हे'.

मग चहा घेताना म्हणाले, "साहेबांना सांगीन, मी पिल्लं काढली."

'मी' म्हणे. परत 'हा'!

६ जानेवारी १९५७, रविवार

थंडी. सकाळी पाणी ६३. मासे तळाला, पंख मिटून. दोघांच्या अंगावर पांढरे ठिपके, रवा सांडल्यासारखे.

पेटीला तीन बाजूंनी घोंगडी. वर बल्ब. लॅबमधल्या दोन बाटल्यांत गरम पाणी, घट्ट बूच लावून पेटीत तरंगत ठेवल्या. गार झाल्या की बदलायच्या. सकाळपासून अकरा वेळा बदलल्या. एकदम गरम करायचं नाही, तासाला एखादा अंश. थोडं खडेमीठ विरघळवून.

दुपारी ह्यानं पांघरूण शोधलं. "घोंगडी कुठाय?" माशांना. "आणि मला?" म्हणे.

तुला काय ठिपके आलेत?

९ जानेवारी, बुधवार

पाणी ८०. ठिपके कमी. मासे ७, पिल्लं ९. एकही गेला नाही. एकही नाही. हे मी केलं, म्हणून दोनदा लिहिते.

११ फेब्रुवारी, सोमवार

साहेब घरी आले. पेटीपुढे बसले ते उठेनात. मी पडद्याआड, चहाचा ट्रे हातात.

"थंडीतसुद्धा? आणि पिल्लं! काय केलंत हो?"

"काही नाही साहेब. रोज ताजं स्वच्छ पाणी."

साहेब वळले. "ताजं? नळाचं?"

"म्हणजे... तसं ताजंच. सगळं रेकॉर्ड ठेवलंय, वहीत."

"मग वही द्या मला. कारखान्यात पाणी तपासायची वेगळी खोली सुरू करतोय. असं रेकॉर्ड ठेवणारा माणूस मी शोधतोय."

मी चहा ठेवला. साहेब म्हणाले, "वहिनी, आलं छान घातलंय."

आलं! चार महिने मी ह्या माशांचं पाणी तोंडानं ओढलं आणि माझ्या वाट्याला आलं.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

त्यानं वही उघडली. नेमकं जानेवारीचं पान. वाचता वाचता कान लाल झाले.

"नवऱ्याला एकेरी? 'तुला काय ठिपके आलेत'? लाज नाही वाटत?"

पाणी कसं राखलं ह्याबद्दल एक शब्द नाही. थंडीत एकही मेला नाही ह्याबद्दल नाही. 'हा' लिहिलं, एवढंच दिसलं.

मग म्हणाला, पाण्याचं तेवढं वेगळ्या कागदावर सुवाच्य उतरवून दे. नको म्हटलं. पानं फाडतो म्हणाला. फाडा म्हटलं. प्रत्येक पानावर वर पाणी आणि खाली तुम्ही. एक फाटलं की दुसरं जाणार.

१४ फेब्रुवारी, गुरुवार

तो स्वतः उतरवायला बसला. दीड पान झालं.

"हे शि. म्हणजे काय? शिसं का?"

मी कणीक मळत होते. म्हटलं, हो.

रागानं म्हटलं. नंतर खरं सांगायला गेले तर वही मिटून ठेवलेली. कंटाळला.

१६ फेब्रुवारी, शनिवार

पेटी साहेबांच्या बंगल्यावर गेली. मासे दोन डब्यांत. मी शि. २ ची बादली भरून, वर फडकं बांधून दारात ठेवली होती. म्हटलं, पेटीत आधी हेच पाणी घाला, बाकीचं दोन दिवस उघडं ठेवून थोडं थोडं.

"साहेबांच्या बंगल्यावर शिळं पाणी घेऊन जाऊ? लोक हसतील. त्यांना मी ताजं सांगितलंय."

खोटं बोललास ते ठीक, पण ते माशांना कशाला पाजतोस?

बादली तशीच राहिली. पेटीच्या जागी भिंतीवर ओलीचा चौकोन. मला इतकं वाईट वाटेल असं वाटलं नव्हतं.

१८ फेब्रुवारी, सोमवार

साडेदहाला कामावरून घरी आला. हातात साहेबांची चिठ्ठी. मासे वर येऊन तोंडं उघडतायत, काल तीन गेले, पाणी ज्यानं सांभाळलं त्यानं वही घेऊन लगेच बंगल्यावर यावं.

ज्यानं.

"काय भरलंत शनिवारी?"

"नळाचं." मग हळूच, "स्वच्छ दिसत होतं गं."

"सगळं?"

"सगळं."

"वही दे, मालू. जाऊन येतो."

"वही एकटी येणार नाही."

"म्हणजे तू येणार? साहेबांसमोर? अगं, माझ्याबद्दल काय काय लिहिलंयस त्यात!"

"माझ्याबद्दलही लिहिलंय." १९ आणि २० नोव्हेंबरचं पान उघडून त्याच्या हातात दिलं. "साहेबांच्या आधी तुम्ही वाचा."

उभ्यानं वाचलं. दोनदा वाचलं असावं, वेळ लागला. मला वाटलं आता ओरडेल. ओरडला असता तर सोपं झालं असतं.

"आई दारात पाया पडून गेली माझ्या," एवढंच म्हणाला. "मुलाच्या पाया पडली ती." वही ओट्यावर ठेवली आणि बाहेर पायरीवर जाऊन बसला.

हे मला माहीत नव्हतं.

पातळ बदललं. कपाटावरून फॉर्म काढला, धूळ झटकली. मुदत केव्हाच गेलीय. तरी वहीत ठेवला. बीडला पत्र आज संध्याकाळी लिहायचं, हंड्याचं सगळं, न लपवता. साहेब काय म्हणतील माहीत नाही. दोन मासे मी मारले हेही ते वाचतील, मग 'असा माणूस' हवा असेल का? वाचोत.

शनिवारची बादली अजून भरलेली आहे. फडकं काढून वास घेतला. काही नाही, निव्वळ पाणी. ती उचलून पायरीवर नेली, त्याच्या शेजारी ठेवली. बंगला कारखान्याच्या पलीकडे, वाटेत चढ आहे, आणि माझ्या एका हातात वही असणार. बादली उचला म्हणून मी सांगणार नाही.

चपला घालते.

पाणी शि. ४. मासे ___