अडचण न येणारी पोरगी

३१ ऑगस्ट

उद्या गौरी जेवणार. सोळा भाज्या, पुरणपोळी – आणि हे सगळं सोवळ्यात रांधणार आमची अश्लेषा! एकोणीस वर्षांची, दहा हजार मीटर धावणारी. सासूबाई शेजारी सांगत फिरतायत, "रामनवमीपासून एकदाही बाजूला बसली नाही. सणाला अडचण नाही म्हणजे नाही! गुणाची पोर." मलाही सोयीचंच वाटलं.

१ सप्टेंबर

गौरी पोटभर जेवल्या. रांधणारी काकडी खाऊन उठली. "मम्मी, भूकच नाही लागत यार. आणि सर म्हणतात, हल्की रहेगी तो तेज भागेगी." सरांचं स्वतःचं पोट शिट्टीच्या आधी मैदानात पोचतं!

वाढताना तिच्या हाताला हात लागला. गार.

९ सप्टेंबर

फूलबागेजवळ धावता धावता खालीच बसली. नडगीचं हाड चिरलंय. पडली नाही, आपटली नाही – नुसती धावली!

इंदरगंजच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पाळी?" अश्लेषा भिंतीकडे बघते, मी पर्सच्या चेनकडे. उत्तर सासूबाईंनी दिलं, अभिमानाने – "रामनवमीनंतर नाही!"

बाई लिहायच्या थांबल्या. "आजी, ये खुशी की बात नहीं है." खाणं कमी, धावणं जास्त. शरीराला पुरेना की ते आधी पाळी बंद करतं. मग हाडं ठिसूळ. मग हृदय... पुढचं मला ऐकवेना. हाड जुळलं तरी पाळी परत येईपर्यंत धावणं बंद.

रिक्षात सासूबाईंनी पोरीचा गार हात धरून ठेवला.

१० सप्टेंबर

दुपारी अश्लेषा झोपली होती. छाती हलतेय ना, ते बघत उभी राहिले. पेपरात लोकांची टर उडवून पोट भरणारी मी – आज एक ओळ सुचत नाही.

१२ नोव्हेंबर

हाड जुळलं. पोळी वाढली की नुसते तुकडे करत बसते. डिसेंबरात भोपाळची शर्यत. "सगळ्याजणी पुढे निघून जातील, मम्मी."

१६ नोव्हेंबर

"आजी, मला शिवू नकोस. बाजूला बसलेय!"

सासूबाई देवघरातून धावत आल्या. जन्मभराचं सोवळं खुंटीला टांगून पोरीला मिठीच मारली! देवापुढे साखर ठेवली. मीही रडले. अश्लेषा लगेच – "तो फिर कल से ग्राउंड?"

हो म्हटलं.

१७ नोव्हेंबर

पहाटेच गेली. तिचं कपाट आवरायला घेतलं. पॅडचं पाकीट – सप्टेंबरात मीच आणलेलं.

फोडलेलंच नाही.