दार आपटून गेलेली मुलगी

प्रिय आई,

इथूनच वाकून नमस्कार. मी ठणठणीत आहे, वेळेवर जेवते. तुझा गुडघा काय म्हणतो? बाबा अजून टीव्हीशी भांडतात का?

दिवसभर करतेस काय, असं तू विचारतेस. आमच्या समुपदेशन केंद्रात घरच्यांच्याच माराला भ्यालेली मुलं येतात, त्यांच्याशी बोलत बसते. तिथं आवाज चढवायचा नाही, दार आपटायचं नाही. माझा आवाज इतका मऊ झालाय, की दुकानदारालाही दोनदा सांगावं लागतं.

एक मुलगी कित्येक महिने नुसतं "हो ताई" म्हणायची. काल माझ्यावरच खेकसली, "सारखं काय विचारता हो?" आणि धाडकन दार आपटून गेली. मला तर टुणकन उडी मारावीशी वाटली! जो आपल्याला टाकणार नाही अशी खात्री असते, त्याच्यावरच माणूस हक्कानं चिडतं.

घरी आले, दार हळूच लोटलं आणि तुझी आठवण आली. मी इकडे आल्यापासून फोनवर तू पाहुण्यांशी बोलावं तसं जपून बोलतेस.

रविवारी "बरी आहेस ना" विचारू नकोस. आधी माझी चांगली खरडपट्टी काढ. कारण नसलं तरी चालेल.

तुझी तोंडाळ लेक