घरातला कापूस आणि समुद्राचा काठ

दारव्हा, जानेवारी २००६

आदरणीय पंजाबमामा यांस सविनय जयभीम.

कापसाने सुटलेली तुमच्या अंगाची खाज थांबली असावी. आमची अजून थांबलेली नाही. पाहुण्यांची माफी मागणारे पत्र लिही, असा तुमचा निरोप आईने दिला. हे ते पत्र नव्हे.

भाव येईल म्हणून बाबांनी यंदाही कापूस घरात भरला, हे ठाऊक असून तुम्ही मला पाहायला लोहाऱ्याचे पाहुणे आणलेत. मागची खोली आढ्यापर्यंत भरलेली, मधली अर्धी. माणसे दाराशी खेटून बसलेली. मुलाच्या वडिलांनी विचारले, "पोरगी कायचं शिकून राह्यली?" तुम्ही खुणेने बी.एड. सुचवत होतात. मी खरे ते सांगितले: एम.एस्सी., भूशास्त्र, सध्या थरांचा क्रम वाचायला शिकते आहे. "म्हंजे काय वं?" असे त्यांनीच विचारले. (विचारले नसते, तर मी बोलले नसते.)

मी कापूस दाखवला. जागा किती आणि माल किती येतो, यावर सगळे ठरते. माल जास्त झाला की ढीग पुढे सरकतो; नद्यांच्या गाळाने समुद्राचा काठ असाच पुढे ढकलला जातो. पाणी चढून जागा वाढली, की काठ उलटा जमिनीकडे येतो. (आमच्याकडे काठ म्हणजे बाबांची खुर्ची. ढिगाने ती सध्या अंगणात ढकलली आहे.) खाली पहिल्या वेच्याचा पांढरा थर, वर पावसात भिजलेला पिवळा, मधे धुळीची रेघ. त्या काळात काही साचलेच नाही. खडकात अशी रेघ सापडली, की तिथून नवा क्रम सुरू झाला असे समजतात.

रेघ नीट दिसावी म्हणून मी विळ्याने ढीग उभा कापला. उतार आधी पाहायला हवा होता, एवढे मान्य. ढीग मुलाच्या वडिलांवर आला. "पाहाले आलेल्या माणसाले पुरून राह्यली काय वं, रुपाली!" असे तुम्ही ओरडलात आणि पाहुणे खाजवत उठले.

तरी मी बी.एड. करणार नाही. फेब्रुवारीत झरी जामणीच्या नाल्यात चुनखडकाचे थर मोजायला जाणार आहे. तिथे एके काळी समुद्र आला, तो कोणाला विचारून आला नव्हता. मीही विचारत नाही.

मामींना जयभीम.

तुमची भाची,
रुपाली

ता.क. : जाताना मुलाने विचारले, रेघेच्या काळात माल गेला कुठे? प्रश्न योग्य आहे. माझा नकार कायम.

ता.क. २ : आई मला झरीला एकटी सोडत नाही. तुम्ही सोबत याल का? काम सोपे आहे. खडकाच्या फोटोत उंची कळावी म्हणून शेजारी माणूस उभा करतात. तुम्ही उभे राहायचे, हलायचे नाही, आणि तिथल्या कोणाला माझ्यासाठी स्थळ विचारायचे नाही.