चाळीस फुटांचं कार्ड

४ मार्च १९७३
नगरला रुजू झालो. सावेडीच्या माळावरची संगणकाची खोली झकास आहे: पंखे, लखलखीत फरशी, नवंकोरं पंचमशीन. कपाटात प्रोग्रामांचे गठ्ठे, त्या मशीनवर छिद्रं पाडलेल्या कार्डांचे. एक गठ्ठा दुसऱ्यावर अवलंबून, त्यामुळे एक कार्ड इकडचं तिकडं झालं की सगळा विचका. दुष्काळात कुठं किती खोल विहीर खणायची, ते इथून ठरतं. काम मला फार आवडलं.

७ मार्च
'खडक' गठ्ठ्यात एक कार्ड जास्तीचं. यादीत नाही. चाळीस फुटांवर खोदाई थांबवतं. माझ्या आधी इथं असलेला कानिफनाथ गेल्या वर्षी विहीर पाहायला उतरला आणि ती ढासळून गेला, त्याचाच हा कारभार. फाडलं. नवे आकडे सगळ्या तालुक्यांना धाडले.

९ मार्च
कार्ड परत! झाडलोट करणाऱ्या छबूबाईंवर भडकलो, कपाट उघडंच ठेवतात. शिंगणापूरच्या बाई, कुलपाची सवयच नाही. म्हणाल्या, "सायेब, कुलूप चोराला. कानिफनाथ न्हेत न्हाई काय, आनून ठिवतो." वर विनवणी, कार्ड राहू द्या, त्यांचा मुलगा भिमाजी विहिरीच्या कामावर आहे. मला शिकवतात! फाडलं. कुलूप घातलं, किल्ली माझ्या खिशात.

१२ मार्च
कुलूप शाबूत. कार्ड आत. कोण हरामखोर माझी चेष्टा करतोय? फाडलं.

१३ मार्च
एक्केचाळिसाव्या फुटावर विहीर ढासळली. भिमाजी गेला. छबूबाई झाडू कोपऱ्यात ठेवून निघून गेल्या. शिव्या तरी द्यायच्या होत्या.

१४ मार्च
आज दोन कार्डं जास्त. एक कानिफनाथचं. दुसरं कुणाचं ते लिहवत नाही.
पुणतांब्याला सहा माणसं आज चाळिसाच्या खाली उतरणार. आमचे प्रमुख आप्पासाहेब आकडे मागं घ्यायला तयार नाहीत, आपल्या संगणक केंद्राची अब्रू जाईल म्हणतात. चुलीत घाला ती अब्रू! आणि माझी अक्कलही.

दुपारी तीन
आप्पासाहेबांना ढकलून फोन घेतला. ट्रंक कॉल, पुणतांब्याचं पोस्ट. घंटा वाजतेय. एका हातात फोन, एका हातात पेन—
पंचमशीन चालू झालं. वीज काढलीय मी त्याची.
एक कार्ड. उचला रे. दोन— तीन— उचलला! ओरडलो, वर काढा सगळ्यांना. पोस्टातला माणूस विहिरीकडे धावलाय—
चार.
अरे थांब, सांगितलंय मी, येताहेत ते वर—
पाच— थांब म्हणतो ना, एक तरी—