लॅबचा प्रोग्राम कोणाचा?

८ मे २००२
आज पुन्हा 'गोरक्ष' फुटला. डॉ. गोरक्ष बोरस्ते यांच्या लॅबचे रिपोर्ट छापले तर डोक्यावरच्या नावात क आणि ष वेगवेगळे. डॉक्टर हसत म्हणाले, "माझं नावच धड येईना, तर लोक रक्तगट कसा खरा मानतील?" हसत म्हणाले, पण म्हणालेच.

विंडोजऐवजी आम्ही फुकटचं लिनक्स वापरतो, त्यावर मराठी अजून असंच — जोडाक्षरं जुळायला तयार नाहीत. प्रतिभा वैतागली. "चोरीचं विंडोज टाकू आणि सुटू. सगळं गाव तेच करतंय." थोड्या वेळाने स्वतःच म्हणाली, "नको. एकदा टाकलं की टाकतच राहू."

प्रतिभाची नि माझी कॉलेजपासूनची मैत्री, आता नाशिकच्या पंचवटीतल्या एका खोलीत दोघींचा धंदा. परदेशात कुणीतरी लॅबसाठी प्रोग्राम लिहून सगळ्यांसाठी मोकळा सोडला. आम्ही तो इथल्या लॅबना बसेल असा करतो. प्रोग्रामचे पैसे नाहीत. बसवणं, शिकवणं, बिघडला की धावत जाणं — त्यावर आमचं चालतं. आईला हे समजावून दमले. "मग तुम्ही विकता काय गं?" असं ती दर वेळी विचारते.

१२ मे
हा प्रोग्राम वापरणारे जगभरचे लोक ई-मेलवर एकमेकांच्या अडचणी सोडवतात. त्या लिस्टवर क्षचं रडगाणं घातलं. एका कोरियन माणसाचं उत्तर आलं. मराठी त्याने कधी पाहिलेलीही नाही. म्हणतो, अक्षर कागदावर काढून पाठव, कसं दिसायला हवं ते कळू दे.

मी काढून पाठवलं. शाळेत पाटीवर गिरवायचो तसं.

२० मे
क्ष जुळला. त्या माणसाने काही मागितलं नाही. आम्ही केलेली सगळी मराठी दुरुस्ती आम्हीही लिस्टवर टाकली. प्रतिभाने तिच्या घरच्या मळ्यातली शेवंती आणून कॉम्प्युटरवर ठेवली.

३ डिसेंबर
प्रतिभा आणि मी सुरगाण्याला जाऊन आलो. जीपमध्ये इतकी माणसं की पाय कुणाचा ते कळेना. एका ट्रस्टचा छोटा दवाखाना आहे, तिथे प्रोग्राम बसवला, जुन्या नोंदी भरल्या. या भागात सिकलसेल हा रक्ताचा आजार बराच. आईबापांकडून पोरांत उतरतो. त्यासाठी प्रतिभाने एक भाग नवा लिहिलाय — आजी, लेक, नातू सगळ्यांच्या तपासण्या एका ठिकाणी दिसतात.

दवाखान्याच्या मनीषा सिस्टरांनी पडद्यावरच्या दोन नावांवर बोट ठेवलं. "म्याडम, ही पोरगी आन् ही बाई एकाच घरची हाय, हे मला आजच कळलं. दोघीबी दुखतंय म्हणून येगयेगळ्या यायच्या." लगेच दोघींना बोलावणं पाठवलं.

परत येताना प्रतिभाने मांडीवर वही घेऊन पुढच्या भागाचे चौकोन आखायला घेतले. खूश असली की ती अशीच असते.

११ फेब्रुवारी २००३
हायवेवरच्या मोठ्या हॉस्पिटलने बोलावलं. लॅब, रक्तपेढी, सगळं आमच्याकडून करून हवंय. एवढं काम मिळालं तर दोन माणसं ठेवता येतील. अट एकच — प्रोग्राम यापुढे फक्त त्यांचा. दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही, जिथे दिलाय तिथली देखभाल बंद.

मी म्हटलं, मूळ प्रोग्राम आमचा नाहीच. ज्याने लिहिला त्याची अट आहे, पुढे देताना मोकळाच द्या. मॅनेजर शांतपणे म्हणाले, "मॅडम, हे नाशिकमध्ये कोण बघायला येणार आहे?"

कोणीच नाही. म्हणून तर आपणच बघायचं.

१५ फेब्रुवारी
प्रतिभाशी भांडण. असं याआधी कधीच झालं नव्हतं.

मी म्हटलं, सही करायची नाही. ती म्हणाली, "करू नको. पण हॉस्पिटलने मला नोकरी देऊ केलीय. मी जाते."

"म्हणजे त्यांचा प्रोग्राम तू लिहिणार?"

"हो. आतून काही बदलता येतं का बघते."

"पगाराला चांगलं नाव दिलंस."

ती पर्स उचलून गेली. तिच्या घरी लग्नाचं बघतायत, 'मुलगी काय करते' असं स्थळाकडच्यांनी विचारलं की तिची आईही अडखळते, हे मला माहीत होतं. तरी बोलले.

२ मार्च
तिचं टेबल भिंतीला सरकवलं. खोली मोठी झाली. नको होती.

१६ ऑगस्ट
कुंभमेळा. उद्या पर्वणी, पंचवटीत पाय ठेवायला जागा नाही. दुकानं उघडी, मी बंद. दिवसभर घरी बसून प्रतिभाचा सिकलसेलचा भाग वाचला. तिने किती विचार करून लिहिलंय. एका ठिकाणी सावत्र मुलांचीसुद्धा सोय केलीय. मला कधी बोलली नाही, मी कधी उघडून पाहिलं नाही.

तिचा फोन नंबर पाठ आहे.

९ जानेवारी २००४
डॉ. बोरस्तेंना प्रतिभा भेटली होती. ते म्हणाले, "बारीक झालीय. मॅनेजमेंटशी कसलातरी वाद चालू आहे म्हणाली." मी प्रिंटरचा कागद नीट करत राहिले.

२१ एप्रिल
मनीषा सिस्टरांचा फोन. रक्त लागलं की नाशिकला विचारत बसावं लागतं, बाटल्या कुठे शिल्लक आहेत ते दिसेल असं काही करता येईल का? म्हटलं, करते. केलं नाही. एकटीने रक्तपेढीचं लिहायचं म्हणजे वर्ष जाईल. शिवाय ते काम करणारी माणसं वेगळी होती. माणसं कसली, प्रतिभाच.

६ सप्टेंबर २००४
आज लिस्टवर रक्तपेढीचा अख्खा भाग आलाय. मराठीसकट. खाली हायवेवरच्या हॉस्पिटलचं नाव आणि व्यवस्थापनाची परवानगी — कुणीही वापरा, बदला, पुढे द्या. पाठवणारी: प्रतिभा. म्हणजे मॅनेजमेंटशी वाद याचाच होता.

उत्तर लिहायला घेतलं, खोडलं. कुलूप लावून मखमलाबादला, तिच्या घरी निघालेय.