तात्यांनी न घेतलेलं पाणी

छावणी, औरंगाबाद
२२ मार्च १९८२

प्रिय बद्री,

रविवार, १४ फेब्रुवारी, दुपारी बारा वाजून सव्वीस मिनिटं. तुझ्या शकूच्या लग्नाचा हा मुहूर्त तूच पत्रिकेत छापला होतास, तेव्हा वेळेबद्दल वाद नको. त्याच्या थोडं आधी भागूबाई अक्षतांचं ताट घेऊन बायकांच्या रांगेतून आली. माझ्या ओंजळीत अक्षता टाकल्या, माझ्या शेजारी बसलेल्या, आपल्या कडूबाकाकांच्या सारजाला ओलांडलं आणि पलीकडच्या बाईला दिल्या. सारजाचा हात पुढे आलेला होता. तो तिनं पदराखाली घेतला. मी माझ्यातल्या निम्म्या द्यायला लागले तर म्हणाली, "राहू दे अक्का. पोरीच्या लग्नात तमाशा नको." बारा सव्वीसला सगळ्या मांडवानं हात उचलले. तिनं नाही.

तिला मी आणलं होतं, हे कबूल. तुझी द्वारका मला माजघरात गाठून म्हणालीच, "वन्सं, तुम्ही शहरातल्या. तुम्हाला इथलं काय ठावं?" मी जन्मले पिशोरला, त्याच घरात, द्वारका तिथं यायच्या कितीतरी वर्षं आधी, पण लग्नघर म्हणून तोंड मिटून घेतलं. आता घेणार नाही.

राग आला होता हे तुला सांगायला नको. पण परतीच्या एसटीत रागाहून मोठं काहीतरी मला खायला लागलं. हे ठरवलं कोणी? कॉन्व्हेंटमध्ये असताना प्रार्थनेत हसले म्हणून मला एकदा अबोल्याची शिक्षा झाली होती. मदर सुपीरियरनं फळ्यावर लिहिलं, सोमवारी सकाळी आठपासून बुधवारी चारपर्यंत हिच्याशी कोणी बोलायचं नाही. बुधवारी चारची घंटा झाली आणि मुली धावत येऊन गळ्यात पडल्या. त्या शिक्षेला सुरुवात होती, शेवट होता, खाली सही होती. सारजाच्या शिक्षेला यातलं काय आहे? तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढल्यावर एक सवय लागते. लाइन बंद पडली की एका टोकापासून सुरुवात करायची आणि खांबामागून खांब तपासत जायचं. तेच केलं. निवृत्त बाईला दुसरं काम काय?

पहिला खांब भागूबाई. ती द्वारकेबरोबर इथं बाजाराला आली तेव्हा म्हणाली, "मला कशाला इचारता? मी या गावात नांदायला आले तवापासून ताट असंच फिरतंय." दुसरी द्वारका. तिला तिच्या सासूनं, म्हणजे आपल्या आईनं सांगितलं होतं, कारण सांगितलं नव्हतं आणि तिनंही विचारलं नव्हतं. तुझ्या गावात बाईनं कारण विचारायची पद्धत कुठं आहे! आई आणि तात्या, दोघंही आता नाहीत. म्हणून गेल्या आठवड्यात मुद्दाम पिशोरला येऊन, तुझ्या घरी न येता, म्हाताऱ्या फकिराला गाठलं. आपल्या गोठ्यावर आयुष्य काढलेला माणूस. ऐकू कमी येतं, पण डोकं शाबूत आहे.

मी त्याला आधी मूळ गोष्टच विचारली, गुन्हा काय होता? तो सांगताना अजून चेव येतो त्याला. तेवीस वर्षांपूर्वीच्या त्या आषाढात तात्यांचे चुलतभाऊ कडूबाकाका गेले. मुलगा नाही, एकटी सारजा. ती इथून छावणीतून बापाच्या दुखण्यासाठी गेलेली. प्रेत अंगणात आणि मडकं कोणी धरायचं यावर दोघा पुतण्यांची हुज्जत. जो अग्नी देईल तो वावरावर हक्क सांगेल, म्हणून प्रत्येकाला मडकं हवं होतं आणि दुसऱ्याच्या हाती जाऊ द्यायचं नव्हतं. सकाळची दुपार झाली, माश्या घोंगावायला लागल्या. सारजानं पदर खोचला, मडकं उचललं आणि चालायला लागली. एकवीस वर्षांची पोर. अग्नी तिनं दिला. फकिरा म्हणतो, "गाव नुसतं बघत राह्यलं, अक्कासाहेब. बाईमाणूस मसणात! पन कोनी काय बोल्लं नाय. समदे म्हनले, तात्यासाहेब काय करत्यात ते बघू."

म्हणजे महिनाभर निकाल लागलेलाच नव्हता. मग लागला कधी? "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी," तो म्हणाला. "बैलांच्या शिंगाचा रंग वाळला नव्हता. तात्यासाहेब मोटारीतनं उतरले अन् नीट सारजाच्या बापाच्या घरात शिरले, ती तवर हितंच व्हती. आमी पाच-सहाजन समोरच्या ओट्यावर. तिनं तांब्या पुढं केला. त्यांनी हातानं सारला, तोंडाला उपरनं लावलं अन् येक सबूद न बोलता उठले. ज्या घरचं पानी तात्यासाहेबांनी घेतलं नाय, तिथलं आमी कसं घ्यावं?"

बद्री, हे ऐकलं आणि मी फकिराला तो दिवस दोनदा विचारून घेतला. त्या पोळ्याला तात्या गावात नव्हते. जन्मात एकदाच त्यांचा पोळा चुकला. ते माझ्या छावणीतल्या खोलीत, गालाला ओलं फडकं लावून पडले होते. दातांच्या डॉक्टरनं त्यांचे वरचे सगळे दात काढले होते. दुसऱ्या दिवशी तू त्यांना पिशोरच्या मोटारीत बसवलंस. कापसाचे बोळे मी माझ्या हातानं कोंबले आणि तुला बजावलं, रात्रीपर्यंत पाणी नाही, चूळ नाही, बोलणं नाही, नाहीतर रक्त थांबायचं नाही. कवळी येईपर्यंत कोणाला सांगायचं नाही अशी शपथ तात्यांनी आपल्या दोघांना आधीच घातली होती. गावचा देशमुख बोळका झाला हे कोणाला कळता कामा नये! दीड महिना ते घराबाहेर पडले नाहीत. गावाला वाटलं, सारजामुळे.

बोळ्यांचं मला माहीत होतं, तांब्याचं नव्हतं. तात्यांनी तिला वाळीत टाकलं, एवढंच मला इथं बसून कळलं होतं आणि ते मी खरं मानलं. तुला दोन्ही माहीत होतं. तू तिथं होतास, सतरा वर्षांचा.

कवळी आल्यावर तात्या का बोलले नाहीत, यावर मी आठ दिवस विचार करते आहे. आधी लाज असेल. नंतर मला वाटतं, आपण हात हलवला आणि सगळं गाव त्या दिशेला वळलं, हे बघून त्यांना बरंच वाटलं असेल. असा अधिकार कोण परत करतो? पण मग ते तिच्या घरी गेलेच कशाला? तोंडात रक्त, अंगात कणकण, आणि मोटारीतून उतरून आधी तिच्या दारात. नाही म्हणायचं असतं तर जायची गरजच नव्हती. ते तिला काय सांगणार होते, हे मोटारीत त्यांनी खुणेनं, पाटीवर, कसं तरी तुला सांगितलं असणार. तेवढं मला कळत नाही आणि तेच मला हवं आहे.

माझं काय, तेही लिहिते. सारजाचं घर माझ्या खोलीपासून दहा मिनिटांवर. तिचे यजमान गेले, तिनं शिलाईच्या मशिनीवर पोर वाढवली, आणि मी तिच्या दारावरून जाताना मान हलवायचे. थांबले नाही. इंग्रजी शाळेत शिकलेली, चार माणसांत तावातावानं बोलणारी मी. माझ्या हातात कधी ताट नव्हतं म्हणून माझं दिसलं नाही, इतकंच. या जानेवारीत ब्लाउज शिवायला म्हणून आत गेले. तिनं पाणी पुढे केलं आणि मी घोट घेईपर्यंत ती माझ्या हाताकडे बघत राहिली. तेव्हाच मला विचारायला हवं होतं.

आता कामाचं. सारजाच्या निर्मलाचं बिडकीनला जमलं आहे. मुलगा चांगला आहे, लग्न नऊ मेला. त्या मंडळींनी सरळ प्रश्न विचारला, मुलीचा मामा कोण? अंतरपाटाशी तिच्या मागे कोण उभं राहणार? सारजानं मागाहून कळवते म्हटलं. ते आता पिशोरला चौकशी करतील, गाव त्यांना तांब्याची गोष्ट सांगेल आणि पोरीचं लग्न मोडेल. निर्मलाला मामा म्हणून भावकीत तूच जवळचा. म्हणून दोन गोष्टी तुझ्या अक्षरात, तुझ्या सहीनं हव्यात. त्या दिवशी तात्यांच्या तोंडात काय होतं आणि मनात काय होतं, ते. फकिरापासून बिडकीनकरांपर्यंत सगळ्यांना मी स्वतः वाचून दाखवीन. आणि पत्रिकेत मामा म्हणून तुझं नाव छापू का, ते. तोंडी निरोप पाठवू नकोस. छापखानेवाला शनिवारी, दहा एप्रिलला संध्याकाळी पाचला मजकूर घेणार आहे. तोवर तुझं पत्र माझ्या हातात पडलं नाही, तर बोळ्यांचं जे मला माहीत आहे ते मी एकटी सांगीन आणि मामाच्या जागी माझं नाव छापून घेईन. पोरीच्या मागे मी उभी राहीन. उत्तर लेखी पाठव, दहा तारखेच्या पाचच्या आत.

तुझीच,
अक्का